तांब्यावर राहिलेला पंजा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना पत्रा आहे. एका लाकडी टेबलाच्या माथ्यावर मला बसवलेलं आहे. जुना म्हणतोय खरा, पण मला घडवलं त्या दिवसापासून सगळे जुनाच म्हणत आले आहेत. तुम्हाला निदान बालपण तरी मिळतं. माझं बालपण भट्टीच्या आसपास सुरू झालं आणि तिथेच आटोपलं. आता मी खरोखर थकलो आहे. तरी सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी अशाच एखाद्या टेबलावर वही पसरून, कोपर टेकून बसलेलं असेल.

मला घडवणारे तांबट वयाने थकलेले होते आणि कानाने बरेच बहिरे. जन्मभर तांब्यावर हातोडी चालवली की कान हळूहळू रजा घेतात. त्यामुळे त्यांच्या घरी सगळेच मोठ्याने बोलत. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटे भांडण चाललंय. आत नुसतं चहाला साखर किती, एवढंच चाललेलं असे. खाली कारखाना, वर राहती जागा. कारखाना म्हणजे एकच लांब खोली, एक खिडकी, आणि धुराने काळं पडलेलं छत.

मी तिथे आलो तेव्हा गुलाबी, गुळगुळीत आणि अडाणी होतो. माझ्यात खिडकी दिसे, माणसं दिसत. मला वाटे, एवढंच आपलं काम.

एका हॉटेलवाल्याने मला मागवलं होतं. तो म्हणाला, "टेबल असं पाहिजे की बघणाऱ्याला वाटावं, आजोबांच्या काळातलं आहे."

"कोणाच्या आजोबांच्या?" तांबटांनी विचारलं.

"कोणाच्याही."

तो गेल्यावर तांबटांच्या बायकोने जिन्यावरून चहा आणला. तांबट म्हणाले, "इतकी वर्षं लोक जुनं आणून नवं करून मागायचे. आता नवं आणून जुनं करून मागतात."

"मग मला दाखवा त्याला," ती म्हणाली. "मी आयतीच तयार आहे."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मला लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात सोडलं. पोलाद अशाने कडक होतं. आम्ही तांबं मात्र मऊ पडतो. मग माझ्या कडा खाली वळवल्या, डब्याच्या झाकणाला असतात तशा. मग मला ऐरणीवर घेऊन ते ठोकत बसले. एका ठोक्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, मध्ये कुठे जागा सुटायची नाही. याला मठारणं म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्यांचं मनगट सुजे. सकाळी बायको त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळी, आणि ते पुन्हा कामाला बसत.

ठोकून झालं, की रंगाचं काम. तांब्याला जुनं करायचं तर आधी लख्ख स्वच्छ करावं लागतं. तांबटांनी मला राखेने घासलं आणि वरून पाणी ओतलं. पाण्याचे थेंब थेंब झाले, की तेल अजून आहे. पाणी सपाट पसरलं, की तेल गेलं. माझ्यावर पाणी सपाट पसरलं. यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हा त्या कारखान्याचा कायदा होता. ज्याने लावला त्याला तांबटांनी दिवसभर भाता ओढायला बसवलेलं आहे. माणसाच्या हाताला तेल असतं, आणि जिथे तेल लागेल तिथे रंग चढत नाही.

त्या दिवशी दोन्ही हातांत फडकी धरून त्यांनी मला उचललं. चार पावलांवर लाकडाचा भुसा तयार होता, मीठ, शिरका म्हणजे व्हिनेगर, आणि नवसागर कालवून ओला केलेला. त्यात मला पुरून ठेवायचं होतं. पण अर्ध्या वाटेत उजवं मनगट गेलं. फडकं निसटलं, मी घसरलो, आणि त्यांनी मला झटकन पकडलं. चार बोटं आणि तळवा माझ्यावर, अंगठा कडेखाली. सकाळी तेल चोळलेला हात.

मी पडलो असतो तर माझा कोपरा चेपला असता. त्यांनी मला वाचवलं. मग मला उजेडात धरून पाहिलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पुन्हा राख, पुन्हा घासणं, पुन्हा पाणी करायला हवं होतं. तेवढं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"काही होत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. असं ते कधी म्हणत नसत.

भुशातून मला बाहेर काढलं तेव्हा मी म्हातारा झालो होतो. कुठे मोरचुदाचा निळा, कुठे शेवाळी, कुठे जळक्या लाकडाचा तपकिरी. आणि कडेजवळ, या सगळ्या रंगांत, कोऱ्या तांब्याचा एक स्वच्छ पंजा.

तांबट स्टुलावर बसले. बायको खाली आली आणि बघत राहिली.

"हात कोणाचा हा?"

"माझाच. तुझ्या तेलाने अब्रू घेतली माझी."

"बरं. उद्यापासून हात दुखला की शेजाऱ्यांना सांगा."

हॉटेलवाला आला. त्याने पंजावरून बोट फिरवलं. "हे मुद्दाम केलंय का? डिझाइन म्हणून?"

त्याच्या पाठीमागे उभी राहून बायको मान हलवत होती. हो म्हणा, हो म्हणा. तांबटांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. चुकून झालंय."

"मग दुसरं करून द्या," हॉटेलवाला म्हणाला.

दुसरं केलं. तो माझा धाकटा भाऊ. त्याच्यावर नावाला डाग नव्हता. तो हॉटेलात गेला आणि मी जिना चढून वर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भावानंतर तांबटांनी मोठं काम हातात घेतलं नाही.

वरती माझे दिवस बरे गेले. माझ्यावर ताटं आली, मटार सोलले गेले, कपड्यांना इस्त्री झाली, चहा सांडला आणि पुसला गेला. पाहुणे आले की तांबट पंजावर वर्तमानपत्र टाकत. "रविवारी हे सगळं घासून काढतो आणि नव्याने रंग चढवतो," असं म्हणत. बायको म्हणे, "तुमचा रविवार एकदा बघायचाय मला." तो रविवार कधी आला नाही. पाहुणे मात्र माझं कौतुक करत. काय सुंदर रंग आहे म्हणत आणि वर्तमानपत्र उचलून खाली काय आहे ते बघत.

त्यांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत असे. चटकन पेटायची म्हणून तांबटांनी तिला ठिणगी नाव ठेवलं होतं, आणि ती चांगली मोठी झाली तरी घरात तेच नाव चालू होतं. सुट्टीत आली की ती वर्तमानपत्र सरकवून आपला हात त्या पंजावर ठेवून बघे. तिची बोटं आखूड पडत.

"तुझा हात आईवर गेलाय," तांबट म्हणत.

"आणि डोकं?"

"ते कोणावर गेलंय त्याचा तपास चालू आहे."

मग एका हिवाळ्यात ते आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. याहून जास्त मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरात होतो.

ठिणगी लांब रजा टाकून आली. आल्यावर काही दिवस ती माझ्याजवळ नुसती बसून असे. एका सकाळी तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी पूर्ण उघडली. पंजाची चमक उतरत होती. कोरं तांबं कायम कोरं राहत नाही. त्याला हवा लागते, हात लागतात, आणि तेही हळूहळू आजूबाजूसारखं काळवंडतं. हे व्हायचंच होतं. तांबट असते तर त्यांनी तिला शांतपणे सांगितलं असतं. मला सांगता येत नाही.

तिने माझ्या मापाची जाड काच आणवली. काचवाल्याने ती माझ्यावर ठेवली आणि विचारलं, "खाली रबराचे तुकडे देऊ का? थोडी हवा खेळती राहील."

"हवा नकोय," ठिणगी म्हणाली.

त्या दिवसापासून माझं काम सुटलं. काचेवर गरम ठेवायचं नाही, जड ठेवायचं नाही, कोपर टेकायचं नाही. ठिणगी रोज सकाळी ओल्या फडक्याने काच पुसे, अगदी कडेपर्यंत, मन लावून. आई भिंतीजवळच्या खुर्चीवर मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. आमटी सांडली की उठून वाकून पुसे आणि पुन्हा बसे.

मित्रांनो, रिकामं राहण्यानेही दमायला होतं. माझ्यावर ठेवलेल्या उकळत्या भांड्यांनी मी कधी एवढा शिणलो नव्हतो. काचेतून मला त्या दोघींचे चेहरे दिसत, थोडे हिरवट, थोडे लांब. दोघी एकमेकींशी आता हळू बोलत. मोठ्याने बोलायचं कारण राहिलं नव्हतं.

रोजच्या त्या ओल्या फडक्याचं थोडं थोडं पाणी कडेने आत शिरत होतं. बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. ते काच आणि मी यांच्यामध्ये पसरलं आणि तिथे हिरवी बुरशीसारखी पूड धरली. ती कडेकडून आत सरकत गेली. पंजा कडेजवळच होता.

ठिणगीला ते दिसलं त्या दुपारी आई जेवत होती.

"आई, काचेखाली पाणी कसं गेलं?"

"तूच पुसतेस रोज."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला काही सांगायची सोय आहे का? नाव काय त्यांनी उगाच ठेवलं?"

ठिणगी काचेवर वाकली. "दोन बोटं गेली, आई. करंगळी आणि तिच्या शेजारचं. आता तिसऱ्यावर येतंय. मी त्यांचा एवढा एक हात ठेवायला गेले आणि तोही मला नीट ठेवता आला नाही."

आईने घास ताटात परत ठेवला.

"शेवटी शेवटी त्या हाताला रोज तेल मी चोळलंय," ती म्हणाली. "कुठे गाठ होती, कुठे भाजल्याचा डाग, कुठलं नख दुभंगलेलं, सगळं माझ्या हाताला पाठ आहे. तुला तो पत्र्यावर ठेवायचाय, तर ठेव. मी अडवलंय का? पण माझ्याने आता असं मांडीवर ताट घेऊन जेववत नाही. गुडघे भरून येतात. घरात टेबल आहे आणि मी भिंतीला टेकून जेवतेय."

ठिणगीने वळून आईकडे पाहिलं. मांडीवरचं ताट, त्याखाली दुमडलेला टॉवेल, आणि टॉवेलवरचे जुने-नवे डाग. ती इतके दिवस याच खोलीत होती.

तिने विचारलं, "कुठलं नख?"

"अंगठ्याचं. लग्नाआधी हातोडी बसली होती. ते पुढे तसंच वाढत राहिलं, मधून फट असलेलं."

हे मलाही नवीन होतं. माझ्यावर अंगठा उमटलेलाच नव्हता.

दोघींनी मिळून काच उचलली. आईला ती पेलत नव्हती, म्हणून वाटेत दोनदा टेकवली. मग ठिणगीने कोरड्या फडक्याने हिरवी पूड काढली. पुडीबरोबर बोटांच्या कडा निघाल्या. तिने हात थांबवला, आईकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागली. मेण गरम करून माझ्यावर पातळ चोळलं. जास्त दाबायचं नाही, एवढं आईने सांगितलं. बाकी ती ताट घेऊन माझ्यापाशी येऊन बसली होती आणि राहिलेला भात जेवत होती.

त्यानंतर माझं काम पुन्हा सुरू झालं. ठिणगीची रजा संपली, पण ती वरचेवर येते. आली की आईला काही ना काही विचारते. ते झोपेत बोलत का? त्यांना पोहता येत होतं का? आई भाजी निवडता निवडता सांगते, कधी मोठ्याने, जुन्या सवयीने. बरेच दिवस ताटं मांडताना ठिणगी पंजाची जागा मोकळी सोडत असे. मग परवा तिने घाईत दुधाचं गरम पातेलं नेमकं तिथेच टेकवलं आणि तिचा हात हवेत राहिला.

"असू दे," आई म्हणाली.

पातेलं तिथेच राहिलं. पंजा तसाही आता दिसत नाही. तो आणि बाकीचा पत्रा एका रंगाचे झाले आहेत. कुठे होता ते मला विचाराल, तर मलाही नक्की सांगता येणार नाही.

मित्रांनो, मी दमलेला पत्रा आहे, माझं मागणं थोडं आहे. माझ्यावर पाणी साचू देऊ नका. मी मळलेला दिसतो म्हणून लिंबू चोळून मला चमकवू नका. हा रंग कोणीतरी हात सुजवून चढवलेला आहे. आणि फार जिवापाड जपण्यासाठी मला झाकून ठेवू नका. माझ्यावर जेवा, अभ्यास करा, वाद घाला. त्याने मी झिजेन, तर झिजू दे.

तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिची काळजी जरूर घ्या. पण त्याआधी घरात एकदा नीट बघा. कोणी भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन गुपचूप जेवत असेल, तर आधी त्या माणसाला टेबलापाशी जागा करून द्या. माझं नंतर बघू.