निमंत्रकांची चिठ्ठी

निमंत्रक पोटापाण्यासाठी लेबलं तपासत. औषधांच्या कारखान्यात एकवीस वर्षं त्यांचं काम एकच होतं : बाटलीवर जे छापलंय तेच बाटलीत आहे ना, हे बघायचं. एकदा 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' छापलेलं त्यांनी पकडलं आणि नऊ हजार खोकी परत पाठवली. ती हकीकत घरात अजून महिन्यातून एकदा निघे. मुलगी त्या वेळी ताट उचलून आत जाई.

चर्चच्या कुटुंब समितीचं निमंत्रकपद मात्र त्यांच्याकडे चालत आलं. 'निमंत्रक कोण होणार?' असं फादरांनी सभेत विचारल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले, आणि नेमका तेव्हाच यांनी चष्मा सारखा करायला हात वर नेला. दुसऱ्या दिवसापासून सगळा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चची झाडून सगळी कुटुंबं, त्यांना निमंत्रक म्हणू लागला. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःही.

मुळात कल्पना फादरांची. एका रविवारी मिस्सेच्या उपासनेत प्रवचन करताना ते म्हणाले, "हॉटेलात पाणी आणून देणाऱ्याला आपण थँक यू म्हणतो. घरात पाणी आणून देणाऱ्याला काय म्हणतो? 'गार नव्हतं का?'" लोक हसले, कारण आदल्याच दिवशी बहुतेकांनी तसं म्हटलं होतं. त्यातून आभार मेळावा सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपली की सगळी कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये चहाला बसत. दाराशी आठवडाभर एक लाकडी पेटी ठेवलेली असे. आपल्याच घरातल्या माणसाने आपल्यासाठी काय केलं ते चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचं आणि मेळाव्यात सिस्टरांनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची.

नियम निमंत्रकांनी केले. एकूण सात. चिठ्ठीवर आपलं नाव घालू नये. एकच काम लिहावं, आणि ते नेमकं असावं. 'सगळ्याबद्दल आभार' असं मोघम लिहिलेली चिठ्ठी बाद. हा चौथा नियम फादरांना फार आवडला होता.

मेळावा चालला, नाही असं नाही. बत्तीस वर्षं एकमेकांशी फक्त गॅस आणि दूध या विषयांवर बोलणारं एक जोडपं दुसऱ्या महिन्यात हात धरून घरी गेलं. एका सुनेला सासूकडून चिठ्ठी आली तर ती म्हणाली, "घर चुकलंय, पुन्हा बघा." सिस्टरांनी पुन्हा बघितलं. घर बरोबर होतं.

निमंत्रकांच्या बायकोला पहिल्या तीन महिन्यांत चार चिठ्ठ्या आल्या. मुलीला दोन. निमंत्रकांना एकही नाही.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं. बाईंच्या सगळ्याच लक्षात येई. "काय निमंत्रक," त्या चहाचा कप फुंकत म्हणाल्या, "तुमची चिठ्ठी पोस्टात अडकली वाटतं."

"कामं आम्ही करतो, बाई. जाहिरात करत नाही."

"हो, तेच म्हणते मी. घरच्यांनाही कळू देत नाही तुम्ही."

ते हसले खरे, पण ते वाक्य कारखान्यात, बसमध्ये, दाढी करताना त्यांच्याबरोबर राहिलं. चौथ्या मेळाव्याच्या आदल्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते रिकाम्या तपासणी खोलीत बसले, खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि स्वतःला आभाराची चिठ्ठी लिहायला घेतली.

पण लिहिणार काय? नियम त्यांचाच : एक काम, नेमकं. घरात आजारी माणूस होतं. त्यांच्या वडिलांना, एके काळच्या नावाजलेल्या शिंप्याला, सात महिन्यांपूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजे. त्यांचं करण्यासारखं पुष्कळ होतं. पण आपण स्वतः केलेलं एक काम आठवायला बसले तेव्हा निमंत्रकांना फक्त चाकांची खुर्ची विकत आणल्याचं आठवलं, आणि तीसुद्धा दुकानदारानेच घरपोच दिली होती. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, गोळ्या, रात्रीचं उठणं हे सगळं बायको करी. सकाळी शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून आल्यावर करी. संध्याकाळी सासऱ्यांच्या डाव्या हातात जाड पेन्सिल देऊन वहीत रेघा काढून घेई. दोन महिन्यांत उभ्या रेघा जमू लागल्या होत्या. आडव्या अजून घसरत.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'आजारपणात सगळं करतोस. आभार.' स्वतःचाच चौथा नियम मोडलाय हे त्यांना दिसत होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने लिहिलं. वर आपलं नाव घातलं आणि घरी जाता जाता पेटीत टाकलं. बायकोने लिहिलं असेल असं लोकांना वाटेल, बायकोला मुलीने लिहिलंय असं वाटेल, मुलीला आईने. हिशेब पक्का होता.

रविवारी सिस्टरांनी पाच-सहा चिठ्ठ्या वाचल्या आणि मग एक चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "ही आपल्या निमंत्रकांना आहे," त्या म्हणाल्या. ऑर्गनवाल्या बाईंनी कप खाली ठेवला. "अक्षर जरा थरथरतंय हं. 'आजारपणात सगळं करतोस. आभार.'"

निमंत्रकांनी नम्रपणे मान खाली घालण्याची तयारी केली होती. तेवढ्यात शेजारची खुर्ची मागे सरकली. त्यांची बायको उठली, सिस्टरांकडे गेली, चिठ्ठी हातात घेतली आणि उभ्या उभ्या बघत राहिली. परत आली तेव्हा ती सासऱ्यांच्या चाकांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंत?"

निमंत्रकांना एकदम समजलं. घरातलं आजारी माणूस, डावा हात, थरथरतं अक्षर. एकवीस वर्षं लेबलं तपासणाऱ्या माणसाला हे आधी दिसलं नव्हतं.

बाबांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाच्या खांद्यांकडे बघून माप ओळखलं होतं; हातात टेप नुसती शोभेला असे. तसंच त्यांनी मुलाकडे पाहिलं, पुरेसा वेळ. आणि मान हलवली. हो.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. बायको तर उघड रडत होती, बाबांचा डावा हात दोन्ही हातांत धरून. "सात महिने झाले," ती सगळ्यांना सांगत होती, "सात महिन्यांनी पहिलं वाक्य."

"पण आजोबांनी पेटीत टाकली कशी?" मुलगी म्हणाली. मग तिनेच वडिलांकडे वळून विचारलं, "पप्पा, तुझ्याकडे दिली होती त्यांनी?"

इथे एक दार उघडं होतं. निमंत्रक त्यातून बाहेर पडू शकत होते. ते म्हणाले, "हो."

फादरांनी ती चिठ्ठी मागून घेतली. आठवड्याच्या आत ती काचेच्या चौकटीत चर्चच्या सूचनाफलकाशेजारी लागली. खाली टाईप केलेलं होतं : एका पित्याची कृतज्ञता. लेबल स्वच्छ होतं, अक्षरं सरळ होती. निमंत्रक दुसऱ्या दाराने चर्चमध्ये जाऊ लागले.

चर्चला दुसरं दार होतं. घराला नव्हतं.

घरी रेघांची वही बंद झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना बायकोने फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आता वाक्यं घ्या, रोज एक तास. बायको पाटासारखी फळी खुर्चीवर आडवी लावी आणि म्हणे, "बाबा, 'आभार' लिहा. आलंय तुम्हाला." बाबा पेन्सिल धरत. उभी रेघ येई. मग पेन्सिल भलतीकडे जाई. कपाळावर घाम येई. ते सुनेकडे बघत, कागदाकडे बघत आणि पुन्हा सुरुवात करत. शाळेत नापास झालेलं पोर बसतं तसे ते बसत. ज्या माणसाने शिवलेला सदरा कधी उसवण्यासाठी परत आला नाही त्याच्या हातून आता रोज तासभर चुका करवून घेतल्या जात होत्या, आणि न केलेलं काम केलं म्हणून सांगितल्यामुळे त्याला 'नाही जमत' असं म्हणायचीही सोय नव्हती.

निमंत्रक शेजारच्या खोलीत पेपर वाचत. चार दिवस त्यांनी एकच पान वाचलं.

"त्या दिवशी जमलं, मग आता का नाही?" पाचव्या दिवशी बायको म्हणाली. "दमले असतील," निमंत्रक म्हणाले.

"की चिडलेत माझ्यावर?" मग थोडं थांबून, कपाट आवरता आवरता, "तसं नाही, तुझे आभार मानले याचं मला काही नाही. मुलगाच आहेस तू. फक्त एक शब्द माझ्यासाठी लिहितील कधीतरी, असं वाटलं होतं." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

सरावाच्या आठव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म भरत बसली होती. मोठ्या हॉस्पिटलचा होता. "सोमवारी मेंदूची तपासणी करून घेऊ," ती म्हणाली. "मला वाटतं पुन्हा एक झटका येऊन गेलाय, आपल्याला कळला नाही. लिहिता येत होतं ते गेलंय म्हणजे काय?" तिने लिहायला सुरुवात केली. निमंत्रकांनी सवयीने उलट्या बाजूने वाचलं : रुग्णाला पूर्ण वाक्य लिहिता येत होतं.

"ते लिहू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"चूक आहे."

"काय चूक आहे? तारीख?"

"चिठ्ठी मी लिहिली होती."

"कुठली चिठ्ठी?"

"ती. काचेतली."

तिला समजायला थोडा वेळ लागला. त्या वेळात त्यांनी बाकीचं सांगून टाकलं : बुधवार, तपासणी खोली, डावा हात, ऑर्गनवाल्या बाईंचं बोलणं. ते शेवटचं त्यांनी उगाच सांगितलं. कारण म्हणून सांगितलं, आणि सांगताना ते किती लहान आहे ते त्यांनाच ऐकू आलं.

"स्वतःचे आभार," ती म्हणाली.

"हो."

"सगळं करतोस म्हणून."

निमंत्रकांनी चष्मा सारखा केला.

"आणि बाबा हो का म्हणाले?"

"माझं तोंड बघून."

तिने पेनाला टोपण लावलं. फॉर्मची घडी घातली, मग आणखी एक घडी. ओरडली असती तर बरं झालं असतं असं निमंत्रकांना वाटलं. पण त्यांना बरं वाटावं म्हणून काही करण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. ती उठली आणि बाबांच्या खोलीत गेली. हे तिच्या मागे गेले आणि दारातच थांबले.

बाबा जागे होते. ती कॉटजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. आठ दिवस तुम्हाला उगाच छळलं. मला माहीत नव्हतं."

माफी खरी म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाने मागायची होती. ती मागून झाली होती, दुसऱ्या कुणीतरी, आणि आता तेच शब्द पुन्हा म्हणायचे तर उसने घेतल्यासारखे झाले असते. तरी निमंत्रकांनी तोंड उघडलं. "बाबा," एवढंच आलं.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने गादीवर दोनदा थोपटलं.

निमंत्रकांना वाटलं, इतकं सगळं होऊनही बाप जवळ ये, बस म्हणतोय. ते पुढे गेले आणि हाताने थोपटलं होतं तिथे, कॉटच्या कडेला बसले. बाबा कण्हले.

"ऊठ," बायको म्हणाली. "कुशीवर वळवायला सांगतायत ते. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात."

ते उठले.

"सात महिने हीच खूण आहे त्यांची," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या बाजूने ये. खांद्याखाली हात घाल."

त्यांनी हात घातला. बाप वाटला होता त्याहून खूप हलका होता.

"तिथे नाही," ती म्हणाली.