चुन्याची चव
रांजण मरायला लागला होता आणि बाबा म्हणत होते, "काही झालेलं नाही, थंडी आहे."

थंडी म्हणे! निळीच्या रांजणावर रोज जांभळट फेस चढतो, तोच नव्हता. कापड बुडवून काढलं की हिरवं निघतं आणि हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. आमचं निघालं मळकट, आणि धुतलं तर होता तो रंगही मोरीत गेला. मी बोंब मारली. पण माझं तोंड आधीच बदनाम, कुणी ऐकेना.

दही विरजणावर लागतं तसा हा रांजण जुन्या पाण्यावर चालत आलेला, माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून. हा गेला तर विरजण मागायचं कुणाकडे? बाकीचे रंगारी केव्हाच डब्यातल्या पावडरीवर गेलेत.

बाबा म्हणजे माझे सासरे. रोज बोट बुडवून जिभेवर ठेवायचे आणि चवीवरून ठरवायचे: आंबटलं तर चुन्याची निवळी, चुना चढला तर कोंडा. दुसऱ्या कुणी चाखायचं नाही, असा घरचा दंडक. त्या सकाळीही त्यांनी चाखलं, मान डोलावली आणि वर आणखी निवळी ओतली.

मला राहवलं नाही. त्यांच्यादेखत बोट बुडवलं, जिभेला लावलं. आई गं! जीभ भाजली.

"बाबा, नुसता चुना आहे हो! तुम्हाला लागत नाही?"

त्यांनी निवळीचं भांडं खाली ठेवलं. "मला ताप आला होता ना, तेव्हापासून जिभेला चवच लागत नाही गं. वाटलं, येईल परत." मग माझा हात धरला. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. तो मला रांजणाजवळ फिरकू देणार नाही. मग मी दिवसभर करू काय?"

असा संताप आला होता! पण म्हातारा माणूस रडत होता. आम्ही दोघांनी कोंडा शिजवून ओतला, ढवळलं, रांजणाभोवती पोती गुंडाळली. जिवाचं रान केलं. संध्याकाळी झाकण काढलं तर कुजका वास. संपलं सगळं.

नवरा आला, वास घेतला आणि सरळ माझ्यावर घसरला. "बोट बघ तुझं, डाग पडलाय! तूच हात घातलास. पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटोळं केलंस!"

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता बोलतील. बाप आहेत त्याचे.

"बोल ना!" नवरा ओरडला. "एरवी तर टकळी बंद होत नाही."

"हो, माझ्याच हातून झालं," मी म्हणाले.

बाबांनी रांजणावर झाकण ठेवलं आणि त्याला म्हणाले, "जाऊ दे रे. तिला काय कळतंय चवीतलं?"