चरातला खळगा

शेतातलं साचलेलं पाणी काढायला पाइप पुरायचे होते. आमचे हे उतार मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावून उभे, मी चराच्या तळाशी मापाची पट्टी धरून पुढे पुढे सरकत होते, आणि आमची चिमी काठावर गोणपाटावर बसून मनापासून माती खात होती.

अशा चराचा उतार इतका हलका, की नुसत्या डोळ्याला तो सपाटच दिसतो. शेताचा वरचा वाटा आमचा, खालचा थोरल्या दिरांचा. मधे कुठे पाइप खाली बसला की वरचं पाणी तिथेच अडणार. म्हणजे आमचं. यंदा आपल्या वाट्यात पीक उभं राहील, या भरवशावर तर आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं होतं.

मी दोन वाट्यांमधल्या बांधाजवळ पोचले, तसा ह्यांनी हात वर केला. "पट्टी नीट धर."

"नीटच आहे."

"मग इथे चर खोल गेलाय."

"दगड निघाला ना," चर खणणारा मशीनवाला म्हणाला, "त्याच्यासोबत खालची मातीही आली."

थोरले दीर काठावर आले. "टाका परत माती. वर दोन लाथा मारा."

"दादा, मोकळी माती पुढे बसते. खडी भरून ठोकायला हवी."

"दुर्बिणीतून शेती होते का रे? मशीन काय दिवसभर तुझ्या दारात उभं राहणार?"

मी खालून ह्यांच्याकडे बघत राहिले. नाही म्हणा. एवढंच म्हणा. पण लहानपणापासून दादांचे जुने सदरे घालत आलेला माणूस. दादांचा शब्दही तसाच अंगात चढवतो.

शेवटी मीच बोलले, "खडी येऊ द्या की. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"अरे, तुझ्या इंजिनिअरला वर घे आधी," दीर म्हणाले. "पोर माती खातेय तिची."

मशीनवाला हसला. हेही हसले. ते मला जास्त लागलं.

खळग्यात मोकळी मातीच पडली, तिच्यावर पाइप टाकून चर बुजला. पावसाळ्यात दिरांचं शेत चाळणीसारखं निथळलं. आमच्या वाट्यात घोटाभर पाणी, त्यात पिवळी पडलेली रोपं. दिरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी जमीनच पाणथळ रे. नशीब एकेकाचं."

"हो दादा," हे म्हणाले.

वेगळं बिऱ्हाड मोडलं. आता आम्ही पुन्हा मोठ्या घरात, मागच्या खोलीत. जाऊबाईंनी माझे डबे त्यांच्या डब्यांच्या मागे लावून ठेवले आहेत.

चिमीला नवा शब्द आलाय. दूध हवं? नाही. झोपायचं? नाही. काल जेवताना दिरांनी हात पुढे केले, "ये बघू मोठ्या काकांकडे."

"नाही!"

हे दचकले. "काकांना असं म्हणतात का? हो म्हण. म्हण, हो काका."

चिमीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हनुवटीवरचा भात पुसला, तिला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या कानाशी म्हटलं, "परत म्हण."