घरचं प्रकरण

साखरेच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून बाबांनी ती अंगठ्याने नीट दाबली, दोन पावलं मागे सरून पाहिली आणि मग मिठाचा डबा पुढे ओढला. चिठ्ठ्या त्यांनी सकाळीच सुबक अक्षरात लिहून ठेवल्या होत्या. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने चहाच्या डब्यासाठी न बघताच हात लांब केला, पण डबा तिथे नव्हता.

"वरच्या फळीवर," बाबा म्हणाले. "आता उंचीप्रमाणे लावलेत सगळे."

"बरं," म्हणत आईने स्टूल ओढलं.

मधल्या खोलीत त्यांची धाकटी मुलगी, ठकू, टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. तिने मान वर करून एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ती इतिहासाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. या सत्रात 'चरित्र: इतिहासाचं एक साधन' असा एक पेपर होता आणि त्यापायी तिला थोरामोठ्यांची चरित्रं एकामागून एक वाचावी लागत होती.

बाबाही आता थोरामोठ्यांत जमा होऊ घातले होते. बसचे चालक, वाहक आणि आगारांतले मेकॅनिक यांची संघटना त्यांनी उभी केली, आयुष्यभर चालवली, त्यापायी एकदा तुरुंगातही जाऊन आले. संघटनेत त्यांना सगळे भाऊ म्हणत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी अध्यक्षपद सोडलं, आणि निरोपाचा समारंभ झाल्या झाल्या गौरवग्रंथाचं काम निघालं. चिटणीस स्वतः घरी आले होते.

"घरातले भाऊ आम्हाला काय ठाऊक?" ते ठकूला म्हणाले. "ते प्रकरण तुझ्याकडे. तू तर इतिहासवाली."

ठकूने लगेच हो म्हटलं. चिटणिसांना वाटलं, मुलीला अभिमान वाटतोय.

खरं तर तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. शाळेत असताना तिला चरित्रं फार आवडायची. तेव्हा ती त्यांतली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची: अमुक जण दिव्याखाली शिकला, तमक्याने पगार नाकारला. कॉलेजात आल्यावरही पहिलं वर्ष तसंच गेलं. पुस्तक मिटताना आपण स्वतः फार सामान्य आहोत असं वाटायचं आणि त्या वाटण्यातही एक सुख असायचं.

मग बंदर बांधणाऱ्या एका इंजिनियरचं जाडजूड चरित्र तिच्या हाती आलं. त्यात एक वाक्य होतं: 'त्याच आठवड्यात सिमेंटची पहिली खेप येऊन पोहोचली आणि त्यांना तिसरी कन्या झाली.' ठकू वाचनालयात मोठ्याने हसली. समोरच्या माणसाने डोळे वटारले. संध्याकाळी घरी येताना मात्र तिला हसू येईना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच टेबलाशी बसली आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सूचीत इंजिनियरच्या बायकोचं नाव शोधू लागली. नाव नव्हतं. 'कौटुंबिक जीवन' अशी नोंद होती, तीही एकाच पानाची.

तिथून पुढे ती प्रत्येक चरित्र आधी शेवटाकडून उघडू लागली. समाजसुधारक, डॉक्टर, मुत्सद्दी, सगळ्यांच्या बायका एकाच पानावर आटोपलेल्या. त्यांनी मोलाची साथ दिली. त्यांनी हसतमुखाने झळ सोसली. एका छायाचित्राखाली लिहिलं होतं, 'सोबत कुटुंबीय'. फोटोत त्या थोर माणसाशेजारी एकच बाई उभी होती. आता पुस्तक मिटताना ठकूला आपण सामान्य आहोत असं वाटत नसे. तिला राग येई. तिच्या टिपणांची धार वाढत गेली. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी तिचा निबंध परत देताना विचारलं,

"या बायकांविषयी तुला काय माहीत आहे?"

"त्यांचं सगळ्यांनी नुकसान केलं."

"ते तू लिहिलंयसच," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, माहीत काय आहे?"

ठकूला ते नुसतंच खुसपट काढणं वाटलं.

गौरवग्रंथातल्या प्रकरणाचा आराखडा तिच्या मनात पक्का होता. बाबांच्या दौऱ्यांवर दुसरे लिहितीलच. ती आईवर लिहिणार होती: दादाची दुखणी, स्वतःचे दहावीचे दिवस, दाराशी येऊन दमदाटी करणारी माणसं, आणि बाबा कुठल्यातरी दूरच्या आगारात. नवल म्हणजे बाबांचीही तीच इच्छा होती.

"मला झाकू नकोस हं," डब्यांचं काम आटोपून ते तिच्या टेबलाशी आले. "तुझ्या आईच्या वाट्याला मी कधी आलोच नाही. तिने काय काय सोसलंय ते येऊ दे लोकांपुढे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता मात्र तिला एकटं सोडायचं नाही, असं ठरवलंय मी."

ते ठरवलं होतं हे घरात दिसतच होतं. बाबा आईबरोबर बाजारात जात, तिच्याबरोबर कपडे वाळत घालत, दुपारी ती पडली की शेजारी खुर्ची घेऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत.

शनिवारी ते जुने फोटो घेऊन संघटनेच्या कचेरीत गेले. ठकूने ती वेळ साधली. आई गच्चीला लागून असलेल्या खोलीत उशांचे अभ्रे बदलत होती. ठकू कागद-पेन घेऊन पलंगावर बसली.

"आई, बाबा नसायचे तेव्हाचं सांग."

"कशासाठी? त्या पुस्तकासाठी?"

"हो. सगळं सांग. हातचं राखू नकोस."

आईने उशी हनुवटीखाली धरून अभ्रा वर ओढला. "काय सांगायचं त्यात? ते जायचे, आम्ही राहायचो."

"तुला कधी राग नाही आला?"

"कशाचा?"

"आई, अगं महिना महिना माणूस घरात नाही. दादा तापाने फणफणलेला. तू एकटी."

"तापाचं खरं आहे," आई म्हणाली. "तेव्हा जीव टांगणीला लागायचा. हे तुरुंगात होते तेव्हाही. खोटं कशाला बोलू." तिने दुसरी उशी घेतली. "पण रोज रोज थोडाच ताप यायचा?"

ठकू पेन धरून थांबली.

"आम्ही पत्ते खेळायचो," आई म्हणाली.

"कोण?"

"मी, खालची नर्सबाई, समोरच्या दोघी जावा. दुपारी, याच खोलीत. तुम्ही शाळेत गेलात की दार लावून घ्यायचं आणि डाव मांडायचा. ती नर्सबाई काय लबाडी करायची! हसून हसून पोट दुखायचं." आई आत्ताही हसली, मग तिने उशी ठेवली आणि शेजारी बसली. "एकदाच काय ते रांधायचं. ज्याला भूक लागेल त्याने घ्यायचं. मनात आलं की पलंग त्या भिंतीला, मनात आलं की या भिंतीला. रेडिओ मोठ्याने. ह्यांना मोठ्याने चालत नाही, तुला माहितीये."

"म्हणजे तू..."

"सुखात होते गं," आई म्हणाली. ती दाराकडे बघत होती, जणू कुणी ऐकत असेल. "माणूस वाईट नाही. चांगलाच आहे. येताना काहीतरी घेऊन यायचे, आठ दिवस माझ्या मागेपुढे करायचे. मलाही बरं वाटायचं. मग नवव्या दिवशी वाटायचं, आता कुठेतरी संप होऊ दे."

ठकूला हसू फुटलं, पण आईचा चेहरा बघून ते विरलं.

"हे लिहायचं नाही हं. ह्यांना वाटतं, मी फार सोसलं. वाटू दे. त्यावरच चाललंय त्यांचं."

"आणि आता?"

आईने अभ्र्याचं बटण लावलं. ते लागेना तेव्हा पुन्हा काढून लावलं. "आता काय," ती म्हणाली. "आता आहेतच की घरी."

कागदावर काहीही लिहिलेलं नव्हतं. ठकूने तो दुमडून पुस्तकात ठेवला.

सोमवारी तिने वाचनालयात इंजिनियरचं चरित्र पुन्हा मागून घेतलं. 'कौटुंबिक जीवन'चं ते एक पान तिला जवळजवळ पाठ होतं. 'पती बंदराच्या कामावर असताना त्या घरच्या घरी चित्रकला शिकल्या, बरीच चित्रं काढली. पुढे मात्र ते मागे पडलं.' या ओळींशेजारी ठकूने मागच्या खेपेला आपल्या टिपणात उद्गारचिन्ह काढलं होतं. संसाराने कला गिळली, असा त्याचा अर्थ. पुढे म्हणजे नक्की कधी, हे तिने पाहिलं नव्हतं. आता ती बंदराच्या प्रकरणापर्यंत मागे गेली, पानं चाळली, साल शोधलं. बंदर पुरं करून इंजिनियर कायमचा घरी परतला, त्याच साली चित्रं थांबली होती.

पुरावा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. लांब लांबच्या पानांवरची दोन वाक्यं होती, एवढंच. बाई कदाचित आजारी पडली असेल. डोळे गेले असतील. कंटाळाही आला असेल. ठकू बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. चरित्रकाराने त्या बाईला काही विचारलं नव्हतं. तिच्या वतीने इतके महिने चिडताना ठकूनेही विचारलं नव्हतं.

घरचं प्रकरण तिने अडीच पानांत संपवलं. बाबा कुठून काय आणत, दाढी करताना भाषणाची तालीम कशी करत, त्यांना झोपेत घोषणा देताना दादाने कसं ऐकलं, एवढंच त्यात होतं. बाबांनी ते खुर्चीत बसून वाचलं आणि मागे काही आहे का म्हणून शेवटचा कागद उलटा करून पाहिला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण आईबद्दल काहीच नाही?"

"तिनेच नको म्हटलं."

बाबांनी कागद मांडीवर ठेवले. "बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड झाला. "अजूनही तक्रारीचा एक शब्द नाही."

ठकूने टेबलावरचं पुस्तक जवळ ओढलं. स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं,

"बाबा, संघटनेचा इतिहास कुणी लिहिलाय का हो?"

"इतिहास? छे. अहवाल आहेत वर्षावर्षाचे."

"मग तुम्हीच लिहा. गौरवग्रंथ म्हणजे हार-तुरे झाले. खरं काय घडलं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? आधीचे सगळे गेले."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "लिहिता येईल," ते म्हणाले. "पहिला संप, ती आगाराची टाळेबंदी... लिहायलाच हवं खरं तर. उद्यापासून इथे टेबलावर बसतो सकाळचा."

"घरी नाही व्हायचं," ठकू म्हणाली. "आमच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, सरकारी गॅझेटं आहेत. तारखा पडताळाव्या लागतात. तिथेच बसावं लागेल. दहाला उघडतं, संध्याकाळी बंद होतं. मी बोलते ग्रंथपालांशी."

बाबांचे डोळे चमकले. मग ते मागे टेकले आणि मान हलवू लागले.

"नाही गं. इतकी वर्षं तेच केलं. आता पुन्हा तिला दिवसभर एकटीला टाकून जाऊ?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. आई हात पुसत दारात आली. तिने ठकूकडे पाहिलं नाही.

"कशाचं चाललंय?"

"ही म्हणते, मी इतिहास लिहावा. वाचनालयात बसून." बाबा तिच्याकडे अपराध्यासारखे बघत होते. "तू नको म्हणालीस तर राहिलं."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"लिहा की," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण लिहिणार? माझी काळजी करू नका. मला सवय आहे."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या कडेला पुसू लागले.

"किती दिवसांचं काम आहे?" आईने विचारलं.

"वर्ष तरी लागेल," ठकू पुस्तकात बघत म्हणाली. "नीट करायचं तर तीन."

"मग नीटच करा," आई म्हणाली. "घाई करू नका."