सर्वोत्कृष्ट पटकथेचं पितळी शीड

मी एक पुरस्कार आहे. सर्वोत्कृष्ट पटकथेचा. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगत असे, आता केवळ ओळख म्हणून सांगतो. अंगाने मी पितळेचं शीड आहे, काळ्या लाकडी बैठकीवर उभं केलेलं, वारा भरल्यासारखं फुगलेलं. अमेरिकन दिग्दर्शकाला मिळालेला, अमिरातीत घडलेला हा ऐवज मराठीत कसा काय बोलतो, असं तुमच्या मनात आलं असेल, तर तेही आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला. तिथे शाळांचे कप, क्रिकेटच्या ढाली, कंपन्यांची सन्मानचिन्हं असं सगळं बनतं. मला साच्यातून काढून कानशीने घासलं आणि चकचकीत केलं ते संगमेश्वरच्या नागेशने. या माणसाचं तोंड कामाच्या वेळी कधी मिटत नसे. ऐकायला कोणी नसलं, की तो धातूशी बोले. पितळेला स्वतःची भाषा नसते, घासणाऱ्याची लागते. "कुणाच्या घरी जाशील रे बाबा, देव जाणे," तो म्हणायचा, "पण ज्याच्या जाशील, त्याने काहीतरी खरं केलेलं असणार. उगाच कोण देतंय?"

हे वाक्य मी मनाला लावून घेतलं. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे.

सोहळा शारजातल्या एका मोठ्या हॉटेलात होता. माझं नाव पुकारलं गेलं, म्हणजे त्या अमेरिकन दिग्दर्शकाचं पुकारलं गेलं, वॉरन टिल्बी. निवेदिकेने त्याच्या आजवरच्या मानसन्मानांची जंत्री वाचली. कॉलेजात असताना केलेल्या लघुपटाला पहिलं बक्षीस, मग कुठल्याशा बर्फाळ गावातल्या महोत्सवाचा परीक्षक पुरस्कार, समीक्षकांचा, लेखकसंघाचा, एका विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. सर्वांत मोठ्या पुरस्कारासाठी दोनदा नामांकन, दोन्ही वेळा हुलकावणी. मी मनातले मांडे खात होतो. एवढ्या मातब्बर मंडळींत आपल्याला कुठली फळी मिळेल? त्या विद्यापीठाच्या शेजारी बसवलं तर काय बोलायचं?

टिल्बीसाहेबाने मला दोन्ही हातांनी धरलं आणि बोलायला सुरुवात केली. त्याचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगतो.

"ही माझ्या घरची गोष्ट आहे," तो म्हणाला. "माझे वडील समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होते. वर्षानुवर्षं घरी येत नसत. आमच्यात एकच कॅसेट होती. त्यावर ते आपला आवाज भरून पाठवायचे. आम्ही ऐकायचो आणि त्याच्यावरच आमचा आवाज भरून परत पाठवायचो. आमचा आवाज भरला की त्यांचा पुसला जायचा, हे आम्हाला कळत होतं. पण ते आहेतच, परत बोलतील, असं वाटायचं. ते गेल्यावर कॅसेट परत आली. आम्ही ती लावली. तिच्यात फक्त आम्हीच होतो."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. टिल्बीसाहेबाचेही भरून आले आणि एक थेंब माझ्या शिडावर पडला. पितळेला खारं पाणी सोसत नाही, डाग पडतो. पण मी म्हटलं, पडू दे. हा डाग आपला दागिना. नागेश म्हणाला होता तेच खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला काखोटीला मारलं आणि गाडीत बसला. गाडी चालवत होती नबिला. ही शारजातच वाढलेली मुलगी, त्याच्या चित्रपटाच्या कामात त्याची मदतनीस आणि दुभाषी. एरवी बडबडी असावी, कारण साहेब तिला दोनदा म्हणाला, "आज एवढी गप्प का?" गाडी अल मजाजमध्ये, खाडीकाठच्या एका टॉवरखाली थांबली.

आता जरा मागचं सांगतो. हे मला नंतर त्या घरात बसून, कानांवर पडेल तसं कळलं. नबिलाची आई शहरबानू ही मूळची रायगडातल्या दिघीची. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, यहयाबरोबर, इकडे आली. गेल्या वर्षी टिल्बीसाहेब इथे आला तेव्हा त्याच्याकडे भलतीच कुठलीतरी पटकथा होती आणि ती अडून बसली होती. हॉटेलचं खाऊन कंटाळलेल्या साहेबाला नबिलाने घरी जेवायला आणलं. मग तो येतच राहिला. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. अशाच एका जेवणानंतर शहरबानूने त्याला आपल्या अब्बांची गोष्ट सांगितली.

तिचे अब्बा, बदरुद्दीन हुर्जूक, अजमानच्या गोदीत कामाला होते. पत्र लिहायला त्यांना येत नव्हतं, म्हणून कॅसेट. गावातला कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती द्यायची आणि तो परत निघाला की त्याच कॅसेटवर उत्तर भरून धाडायचं. किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत तेव्हा हीच रीत. आणि निम्म्या घरांनी हीच चूक केली.

गोष्ट ऐकून साहेबाने हातातली पटकथा फाडली म्हणतात. नवी लिहायला घेतली. शहरबानूने एवढंच मागितलं, "माझ्या अब्बांचा आवाज आम्ही पुसला. निदान नाव तरी कुठेतरी राहू दे." साहेबाने तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, पडद्यावर सगळ्यात आधी बदरुद्दीन हुर्जूक हे नाव येईल. तेवढ्या शब्दावर ती वर्षभर जगली. चित्रपट इकडे अजून लागला नव्हता. सोहळ्याच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून, शेवया करून, टीव्हीपुढे बसली होती. शेजारच्या छायाने भाषण संपताना भाबडेपणाने विचारलं म्हणे, "शहरबानू, यांचेही अब्बा कॅसेटच पाठवायचे का गं?" त्या शेवया कोणी खाल्ल्या नाहीत.

तर अशा घरात आम्ही पोचलो. दार यहयाने उघडलं. शहरबानूने साहेबापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. फक्त पाणी. दुपारच्या वेळी कोकणी घरात पाहुण्याला जेवायचं विचारलं नाही, तर पाहुण्याने काय ते समजावं. साहेब समजला नाही. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि पुरस्कार देणारे जसे हसतात तसा हसला.

"नबिला, आईला सांग, हा तिचा आहे. मी तिलाच देतोय."

नबिलाने सांगितलं. शहरबानूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांना विचार, काल माझ्या अब्बांचं नाव का नाही घेतलं?"

"मम्मी, प्लीज. ही हॅज अ फ्लाइट."

"आत्ताच विचार. आणि माझे शब्द गोड करून सांगू नकोस. बोलते तसं सांग."

नबिलाने मान खाली घालून विचारलं. साहेब म्हणाला, तुमच्या खासगीपणाची काळजी घेतली, या गोष्टी नाजूक असतात, म्हणून नाव कुठेच ठेवलं नाही.

"मी लपवा म्हटलं नव्हतं," शहरबानू म्हणाली. "नाव घ्या म्हटलं होतं."

मग साहेबाचा सूर जरा बदलला. लेखकाला गोष्ट आपलीशी करावी लागते, असं काहीसं तो बोलला. दूरच्या कुठल्यातरी गावातल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली असती, तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. स्वतःच्या वडिलांची म्हणून सांगितली तेव्हा ते रडले.

शहरबानूने आवाज चढवला नाही.

"तुमचे अब्बा कुठे असतात?"

साहेबाने ग्लास उचलला, परत ठेवला. "अमेरिकेत, फिनिक्सला."

"हयात आहेत?"

"हो. बरे आहेत."

"काय करायचे?"

"दातांचे डॉक्टर होते."

नबिला भाषांतर करता करता थांबली. तिने साहेबाकडे पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"सांग ना," आई म्हणाली.

"डेंटिस्ट, मम्मी."

"म्हणजे रोज घरी यायचे?"

साहेब म्हणाला, "हो. जेवायला."

"मग नशीबवान तुम्ही," शहरबानू म्हणाली. "एवढं असून माझं कशाला नेलंत?"

या वाक्याचं नबिलाने भाषांतर केलं नाही. करायची गरजही नव्हती. साहेब उठला, घड्याळाकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि दाराशी गेला. यहयाने मला उचलून त्याच्यापुढे धरलं, तेव्हा तो नबिलाला हळूच म्हणाला, "राहू दे इथेच. तसंही बॅगेचं वजन जास्त होतंय."

ते मी ऐकलं. माझ्या अंगावर त्याच्या आसवाचा डाग होता आणि मी बॅगेत नकोसा झालो होतो. ते दान नव्हतं, अडगळ टाकली होती. एवढं वाईट मला साच्यात ओतलं तेव्हाही वाटलं नव्हतं. दुःख फेकून दिल्याचं कमीच, जास्त दुःख याचं, की काल रात्रभर मी त्या माणसाचा अभिमान वाहिला. एका खोटेपणाला सभ्य रूप द्यायला मला वापरलं आणि मी चमकत राहिलो.

काही दिवस मी त्या घरात टीव्हीच्या बाजूला उभा होतो. शेजारचे येत, माझ्याबरोबर फोटो काढत. छाया म्हणाली, खरा पितळी आहे, जड आहे हं. शहरबानू चहा देई आणि आत जाई. यहया समजूत घालायला बघे.

"राहू दे गं. शेवटी अब्बांच्या गोष्टीमुळेच आलंय ना घरात?"

"त्याच्या पाटीवर नाव कोणाचं आहे, वाचा."

"नाव काय, पाटी बदलून आणतो. त्यात काय एवढं?"

"तुम्ही घरात पाटी बदलाल हो. जगात कोण बदलणार?"

यहया भला माणूस होता, चहाचे कप गोळा करून आत गेला.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने कपाटातून जुना टेपरेकॉर्डर काढला. नबिलाही येऊन बसली. मी ती कॅसेट पहिल्यांदाच ऐकली. आधी बराच वेळ खरखर. मग एका बाईचा आवाज, शहरबानूच्या आईचा. इकडे खुशाल आहे, परसातला फणस यंदा धरला, तब्येतीला जपा. मग ढकलाढकलीचा आवाज आणि एक बारीक मुलगी. "अब्बा, मला लाल सँडल आणा. आणि अब्बा, मागच्या वेळी तुम्ही मगरीची गोष्ट सांगितलीत ना, ती आम्ही चुकून पुसली. परत सांगा."

त्यापुढे टेप रिकामी होती. रिकामी टेपही ती शेवटपर्यंत ऐकत बसली. नबिला म्हणाली, "मम्मी, आय ॲम सॉरी. मीच त्याला घरी आणलं." शहरबानूने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू जेवायला आणलंस गं. चोरायला नाही." आणि मग माझ्याकडे बोट दाखवून यहयाला म्हणाली, "यल्ला, चला, गाडी काढा. हे ज्याचं त्याला देऊन येऊ. माझ्या घरात हे पुन्हा नको."

आम्ही त्याच हॉटेलात गेलो. काउंटरवर जहूर नावाचा तरुण होता. त्याने संगणकात बघून सांगितलं, "टिल्बीसाहब तो कब के चले गये, मॅडम."

"चले गये तो रख लो. मेरा नहीं है."

"फिर लॉस्ट अँड फाउंड में रखना पडेगा. किसके नाम से रखूँ?" त्याने चिठ्ठी घेतली, पेन उघडलं आणि माझ्या पाटीवरचं नाव उतरवायला खाली वाकला.

शहरबानूने पाटीवर हात ठेवला. पूर्ण तळहात. तिच्या बोटांना हळदीचा वास होता.

"लिखो," ती म्हणाली. "बदरुद्दीन हुर्जूक. दिघी, जिल्हा रायगड."

"ये हमारे गेस्ट हैं?"

"नहीं."

जहूरने तिच्याकडे पाहिलं, मग यहयाकडे. त्याने एकेक अक्षर विचारून, नीट लिहिलं आणि चिठ्ठी दोऱ्याने माझ्या शिडाला बांधली. शहरबानूने ती हातात धरून वाचली. आणि मग तिथेच, लोक येत-जात असताना, तोंडावर ओढणी धरून रडली. यहयाने तिला धरून बाहेर नेलं.

तेव्हापासून मी इथे आहे, हॉटेलच्या तळघरातल्या कपाटात, लोकांनी विसरलेले चार्जर, चष्मे आणि एका पायाच्या चपलेबरोबर. हॉटेलने टिल्बीसाहेबाला कळवलं होतं. नको, असं उत्तर आलं. ऐकतो, की त्याच चित्रपटासाठी त्याला आणखी दोन पुरस्कार मिळाले. त्या बिचाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

इथल्या नियमाप्रमाणे काही महिन्यांनी हे कपाट रिकामं करतात. कोणी मला भंगारात घालील, कोणी हौसेने घरी नेऊन फुलदाणीशेजारी ठेवील. मला आता कशाचीच हौस उरलेली नाही. फक्त जो कोणी मला उचलेल त्याला एक विनंती आहे. माझ्या बैठकीवरची पाटी काढून टाकली तरी चालेल, साधे स्क्रू आहेत. ही दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी तेवढी काढू नका.