दोन बोटं खाली

लिफ्टमध्ये नऊ माणसं होती, एक गिटार होती आणि केकचं एक खोकं होतं. दाराशेजारच्या पाटीवर लिहिलं होतं : आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. मिस्त्रीने गिटारवाल्याच्या पोटाकडे पाहत मनातल्या मनात बेरीज केली आणि तो गप्प राहिला. बायकोला शब्द दिलेला होता.

चौदाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. पुढचे दोघे बाहेर पडले आणि तेवढ्यात लिफ्ट हलकेच खाली बसली. मिस्त्रीने वाकून उंबऱ्याशी बोट लावलं. एक बोट अंतर होतं.

"अहो!" बायको बाहेरून म्हणाली. "उठा आता. लोक खोळंबलेत."

चौतीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवून तो आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. बायको कपडे शिवायची. तिच्या वाढदिवसाला नेमका फोन यायचा. कुठेतरी कुणीतरी अडकलेलं असायचं आणि मिस्त्री पिशवी उचलून चालू पडायचा. आज ती साठ वर्षांची झाली होती. मुलीने हट्टाने शहरात आणलं होतं : सकाळी संग्रहालय, दुपारी इथे, चौदाव्या मजल्यावरच्या हॉटेलात, जेवण आणि गाणं.

"आज लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही," बायकोने बसमध्येच बजावलं होतं. "माझा वाढदिवस आणि तुमची लिफ्ट, जुळ्या बहिणी झाल्यात नुसत्या."

टेबल खिडकीजवळचं मिळालं. गिटारवाला मंचावर गेला, त्याच्या शेजारी व्हायोलिनवाला आणि निळ्या झग्यातली गायिका उभी राहिली. सूप आलं. मिस्त्रीने खुर्ची अशी ओढून घेतली की गायिकाही दिसावी आणि लिफ्टही.

"बाबा, सूप गार होतंय," मुलगी म्हणाली.

"पितोय ना."

लिफ्ट पुन्हा वर आली. आत सात माणसं आणि एक बाबागाडी. बाबागाडीची पुढची चाकं बाहेर आली, मागची आत होती, आणि लिफ्ट बसली. आईने झटका देऊन गाडी ओढली, हसली आणि टेबल शोधू लागली. दोन बोटं, मिस्त्रीने लांबूनच ताडलं. त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. जुन्या पद्धतीची लिफ्ट ब्रेकच्या जोरावर उभी राहते, आणि इथे ब्रेक धरलेलं सोडत होता. आज दोन बोटं, भार वाढला तर हातभर. एक पाय आत आणि एक बाहेर असताना हातभर म्हणजे काय, ते त्याने एकदा पाहिलं होतं. घरी सांगितलं नव्हतं.

भिंतीवर कार्यक्रमाची वेळ लिहिली होती. दोन ते तीन. तीन वाजता सगळी मंडळी एकदमच खाली जाणार. अडीच वाजले होते.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "हात धुवायची जागा त्या बाजूला आहे."

तो लिफ्टच्याच बाजूला गेला. व्यवस्थापक तिथेच उभा होता, कोटाच्या खिशात पेनं खोचलेला.

"काका, परवाच सर्व्हिसिंग झालंय. हे बघा कार्ड, सही आहे."

"सह्या मीपण हजारो केल्यात. मशीनची खोली उघडा. ब्रेकचं लायनर, म्हणजे चाक धरून ठेवणारा तो काळा पट्टा, त्याची जाडी मोजू. तीन मिलिमीटरच्या वर निघाली तर तुमची माफी मागून जेवायला बसतो. कमी निघाली तर लिफ्ट बंद."

"आणि लोकांना काय चौदा मजले चालत उतरवू? रविवार आहे, हॉल भरलाय. तुम्ही कंपनीतले आहात का?"

"होतो."

"मग तुम्ही जेवा, काका."

टेबलाशी मुलगी लालबुंद होऊन बसली होती. "बाबा, आजच्या दिवस तरी! सगळे बघतायत."

"बघू देत."

"आईने काय मागितलं होतं तुमच्याकडे? एक दुपार."

मिस्त्री खुर्चीत बसला. समोर मासा आला होता, भाजलेल्या बटाट्यांसकट. त्याने तुकडा तोडला आणि तसाच ताटात ठेवला. पावणेतीन झाले.

गाणं संपलं. गायिकेने कागद पाहिला. "आज खिडकीजवळच्या टेबलावर एक साठावा वाढदिवस आहे! या ना, काकू, मंचावर या. कुठलं गाणं म्हणू तुमच्यासाठी?"

टाळ्या पडल्या. बायकोने पदर सारखा केला, मिस्त्रीच्या ताटाकडे पाहिलं आणि उठली. मंचावर जाऊन तिने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला, बोथट कात्री धरायची तसा.

"गाणं नको," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की ती स्वतःच दचकली. "माझे मिस्टर लिफ्टचं काम करायचे. ते म्हणतायत, ही लिफ्ट बरोबर नाही. माझे एकोणतीस वाढदिवस त्यांनी लिफ्टपायी बुडवलेत. खूप भांडले मी. पण लिफ्टच्या बाबतीत ते कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्ही कुणी लिफ्टने उतरू नका."

हॉलमधल्या माना लिफ्टकडे वळल्या. मग बाबागाडीवाली आई उठून म्हणाली, "मघाशी चाक अडकलं होतं हो माझं." दुसरीकडून कुणीतरी म्हणालं, "आम्हीपण ठेचकाळलो." साठ माणसं व्यवस्थापकाकडे बघू लागली. त्याने खिशातली पेनं चाचपली आणि मग किल्ली काढली.

रिकामी लिफ्ट वर होती तशीच ठेवून मिस्त्रीने गच्चीवरच्या खोलीतला मुख्य स्विच पाडला. खोलीत जळक्या रबराचा वास कोंडला होता. त्याने कपाटातली स्टीलची पट्टी घेऊन ब्रेकच्या कडेला लावली, मान मागे घेतली, पुढे केली.

"चष्मा टेबलावर राहिला."

दारातून बायको आत आली. केकचा हात तिने पदराला पुसला होता. मागे व्यवस्थापक आणि मुलगी उभे होते. तिने मोबाइलचा दिवा लावला आणि टेप वाचण्यात चाळीस वर्षं मुरलेले डोळे पट्टीवर आणले.

"काळ्या पट्ट्याची जाडी वाचायची ना?"

"हो. आधी डावीकडची."

"दीड," ती म्हणाली. दिवा पलीकडे नेला, जरा वेळ घेतला. "उजवीकडे अर्धा मिलिमीटर."