लसींच्या फ्रिजातला पाला

लढाईत बंद पडलेला दवाखाना अखेर उघडला, पण गुसून सुईणीला लसी ठेवायला जागा मिळेना. सौरऊर्जेवरचा फ्रिज गावात तळ ठोकलेल्या मेजर दहमशनं पाल्यानं गच्च भरला होता. तरतरी आणणारा गातचा पाला, अख्खा येमेन दुपारी तोच चघळत बसतो.

"साहेब, हा फ्रिज पोरांच्या लसींचा आहे."

"आणि माझे जवान कुणाची पोरं, खाला? ताजा पाला नसला तर बंदूक उचलत नाहीत."

"मग तर बरंच की!"

मेजरनं तोबरा भरला. विषय संपला.

पाला यायचा समोरच्या टेकडीवरून, म्हणजे थेट शत्रूकडून. रोज सकाळी गोळीबार थांबे, लादलेलं गाढव दरी ओलांडे, मग पुन्हा ठो ठो सुरू. दोन्हीकडच्या पाण्याचा फुटका पाइप त्याच दरीत पडून होता, पण पाइपसाठी गोळीबार थांबवायचा हुकूम कुणालाच नव्हता.

गुसून परतीच्या गाढवाबरोबर टेकडी चढली आणि शत्रूचा म्होरक्या शेख नाशिर याच्यापुढे उभी राहिली.

"पाला बंद करा."

शेख दचकला. "तौबा! लढाई आहे म्हणून माणुसकी सोडायची?"

"तुमच्या सुना पाणी कुठलं भरतात?"

"डबक्यातलं," तो पुटपुटला. आत त्याची नात हगवणीनं मलूल पडली होती. गुसूननं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शेखनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी गाढव रिकामंच आलं. दुपारी मोर्च्यावर जांभयांची साथ पसरली. संध्याकाळी मेजर तणतणत आला.

"हा राक्षसीपणा आहे! काय हवंय तुला?"

"फ्रिज. आणि पाइप."

दोन्हीकडचे जवान दरीत उतरले. पाना कुणी धरायचा यावरून एकमेकांची आईबहीण काढत त्यांनी पाइप जोडला. नळाला पाणी आलं, फ्रिज घासूनपुसून लसींनी भरला.

शेखची सून पोरीला घेऊन आली. मीठ-साखरेचं पाणी पोटात ठरल्यावर पोरीनं शेंगदाण्याच्या खाऊची पुडी अशी धरली की सोडवता सोडवेना. ती जरा सावरल्यावर गुसूननं सुई काढली आणि पाय धरायला दारातल्या मेजरलाच बोलावलं.

शत्रूच्या नातीचा इवलासा पाय धरून मेजरनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"टोच लवकर, खाला. मला बघवत नाही."